जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या फ्रंट हबमधील बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रंट हब नेमके काय काम करते?

जुन्या पिकअपमध्ये मागची चाके इंजिनाला कायम जोडलेली असतात आणि पुढची चाके गरजेपुरती जोडता येतात. ही जोडणी दोन ठिकाणी होते. पहिली जोडणी ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत होते, जिथून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला ताकद मिळते. दुसरी पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेल्या लॉकिंग हबमध्ये होते, जिथे अ‍ॅक्सल शाफ्ट चाकाशी जखडला जातो. हब ‘फ्री’वर असेल तर चाक आपल्या बेअरिंगवर मोकळे फिरते आणि अ‍ॅक्सल शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) व प्रॉपेलर शाफ्ट हे सगळे स्वस्थ राहते. त्यामुळे त्यांची झीज, आवाज आणि थोडेफार इंधन वाचते. ही कल्पना जुनीच आहे. आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली आपला व्यवसाय सुरू केला तो युद्धकाळातील जीपसाठी असे हब बनवूनच.

काही पिकअपना चाकावर लॉकिंग हबच नसते, कारण त्यांच्यात पुढचा अ‍ॅक्सल तोडण्या-जोडण्याची सोय डिफरन्शियलजवळ किंवा अ‍ॅक्सलच्या नळीत केलेली असते. पुढील उत्तरे अशा गाड्यांना जशीच्या तशी लागू होणार नाहीत.

४एच (चारही चाकांची नेहमीच्या वेगाची स्थिती) टाकले, डॅशबोर्डवरील दिवाही लागला, तरी पुढची चाके ओढत नाहीत. दोष हबचाच समजावा का?

लगेच समजू नये, आणि हब तर मुळीच उघडू नये. हाताने फिरवायच्या हबच्या बहुतेक गाड्यांमध्ये तो दिवा ट्रान्सफर केसवरील एका छोट्या स्विचमुळे लागतो. ट्रान्सफर केसमधला गिअर सरकवणारा फोर्क सरकला एवढीच बातमी तो देतो. चाकापाशी काय घडले याची त्याला काहीच खबर नसते. त्यामुळे दिवा लागलेला असताना दोन्ही हब मोकळे असू शकतात.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी चाचणी अशी आहे, की जिला जॅकही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि ट्रान्सफर केस २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवावी. मग पुढच्या बाजूने गाडीखाली हात घालून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.

दोन्ही हब ‘फ्री’वर असताना शाफ्ट थोडा जड, पण सलग फिरला पाहिजे. तो फिरतच नसेल तर ट्रान्सफर केस अजून फोर-व्हीलमध्येच अडकलेली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही हब एकाच वेळी अडकून बसणे त्या मानाने कमी आढळते. त्यानंतर दोन्ही हब ‘लॉक’वर करावेत, गाडी अर्धा मीटर पुढे-मागे ढकलून घ्यावी, म्हणजे दात्यासमोर खाच येऊन आतली क्लच रिंग (शाफ्ट आणि चाक जखडणारी दातेरी कडी) बसेल, आणि ठोकळे पुन्हा लावून शाफ्ट पुन्हा फिरवून पाहावा. आता तो केवळ दात्यांमधील ढिलाईपुरता, म्हणजे काही अंश, इकडे-तिकडे हलून अडला पाहिजे, कारण जमिनीवर टेकलेली दोन्ही चाके त्याला धरून ठेवतात.

अडण्याऐवजी तो सलग फिरू लागला तर एक हब नक्की लागलेले नाही. कोणते, तेही तिथेच समजते: प्रॉपेलर फिरवताना ज्या बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट फिरताना दिसेल त्या बाजूचे हब दोषी. शेवटी ट्रान्सफर केस ४एचमध्ये टाकून, हब ‘फ्री’वर ठेवून हाच प्रयोग करावा. तेव्हा प्रॉपेलर फिरला, तर बिघाड ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लीव्हरच्या जोडणीत आहे आणि हबवर आळ घेण्याचे कारण नाही. मात्र ट्रान्सफर केसमध्येही दाते समोरासमोर येऊन थांबू शकतात, म्हणून निष्कर्षापूर्वी गाडी थोडी हलवून पुन्हा एकदा पाहावे.

‘फ्री’वर असताना प्रॉपेलर फिरवला तर एकाच बाजूचा शाफ्ट फिरतो. दुसऱ्या बाजूचे हब अडकले आहे का?

तसे असेलच असे नाही. डिफरन्शियल नेहमी कमी विरोधाच्या बाजूला फिरते, त्यामुळे एका बाजूचे सील जरा घट्ट असले तरी सगळी हालचाल दुसरीकडे जाते. फिरणारा शाफ्ट मदतनिसाला हाताने धरून ठेवायला सांगावे आणि प्रॉपेलर पुन्हा फिरवावा. आता दुसरा शाफ्ट फिरला तर दोन्ही हब ठीक आहेत. प्रॉपेलरच अडला तर मात्र त्या दुसऱ्या बाजूचे हब सुटलेले नाही.

एकच हब बिघडले असेल तर निदान दुसरे चाक तरी ओढेल ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. पुढचे डिफरन्शियल साधे असेल, म्हणजे त्यात कोणतेही लॉक नसेल, तर ते दोन्ही बाजूंना सारखीच ताकद देते. एका बाजूचा शाफ्ट चाकाशी जोडलेलाच नसेल तर त्या बाजूला विरोध जवळजवळ शून्य असतो. मग दुसऱ्या बाजूलाही तेवढीच, म्हणजे जवळजवळ शून्य, ताकद मिळते. सुटा शाफ्ट भिरभिरत राहतो आणि चिखलात रुतलेले चांगले चाक जागचे हलत नाही. एका हबचा बिघाड हा संपूर्ण पुढच्या अ‍ॅक्सलचा बिघाड ठरतो तो यामुळे. एक हब ‘लॉक’ आणि दुसरे ‘फ्री’ ठेवून गाडी चालवणे याच कारणाने निरर्थक आहे, शिवाय त्यात डिफरन्शियलमधील लहान गिअर विनाकारण सतत फिरत राहतात.

चाके उचलून तपासणी करायची असल्यास काय पाहावे?

दोन्ही पुढची चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. हब ‘फ्री’वर ठेवून चाक फिरवले असता मागे दिसणारा अ‍ॅक्सल शाफ्ट स्थिर राहिला पाहिजे. ग्रीसच्या चिकटपणामुळे तो किंचित ओढला गेला तरी बोटांनी धरल्यावर थांबला पाहिजे. ‘लॉक’वर तो चाकासोबत ठामपणे फिरला पाहिजे. चाक जोर लावून फिरवताना ‘कट’ असा आवाज येऊन शाफ्ट निसटत असेल, तर क्लच रिंगचे दाते झिजून त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा रिंग पूर्ण आत बसत नाही.

पुढची चाके हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. मागची चाके जमिनीवर आहेत आणि गाडी स्टँडवरून सरळ पुढे निघून जाईल.

हबवरील डायल (‘फ्री’-‘लॉक’ची फिरवायची चकती) फिरतच नाही. पक्कड लावून फिरवावी का?

नको. डायल प्लॅस्टिकची किंवा ठिसूळ ओतीव धातूची असते आणि ती बोटांच्या जोराने फिरावी अशाच बेताने घडवलेली असते. पकडीने तिची पकडायची कड तुटते, किंवा आतला कॅम (क्लच रिंग सरकवणारा चढ-उताराचा भाग) तुटतो, आणि पाच मिनिटांच्या कामाचे नवे हब होते.

‘लॉक’वरून ‘फ्री’कडे फिरत नसेल तर पहिला संशय यंत्रणेत साठलेल्या ताणावर घ्यावा. कोरड्या, टणक रस्त्यावर ४एचमध्ये वळणे घेतली की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि मध्ये फरक भरून काढणारे काही नसल्याने शाफ्टमध्ये पीळ साठतो. तो पीळ क्लच रिंगचे दाते दाबून धरतो. ट्रान्सफर केस २एचमध्ये आणून गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घेतली की पीळ उतरतो आणि बहुधा डायल सहज फिरते. पुढच्या आणि मागच्या टायरांचा आकार किंवा झीज वेगळी असेल तर हा पीळ सरळ रस्त्यावरही साठतो, हे ध्यानात ठेवावे.

गाडी हलवूनही डायल अडलेलीच असेल तर आत गंज, माती किंवा सुकून मेणासारखे झालेले ग्रीस आहे असे समजून हब उघडावे. बाहेरून गंजनाशक फवारा मारून काही काळ काम भागते, पण तोच फवारा आतले उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेतो.

स्वयंचलित हब कधी लागते, कधी लागत नाही. असे का?

स्वयंचलित हबमध्ये डायल नसते. ४एच टाकल्यावर अ‍ॅक्सल शाफ्ट फिरू लागतो, आतील घर्षणाचा भाग कॅमला क्षणभर रोखून धरतो, आणि त्या रोखण्यामुळे कॅम चढून सरकता गिअर चाकाच्या बाजूला ढकलतो. सोडवण्यासाठी २एच टाकून गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी लागते. ही मागे घेण्याची पायरी विसरली जाते आणि मग ‘हब अडकले’ अशी तक्रार येते.

घर्षणाचा भाग झिजला किंवा नको इतका तेलकट झाला, तर कॅम रोखलाच जात नाही व हब लागत नाही. उलट ग्रीस घट्ट झाले, तर कॅम परत येत नाही व हब सुटत नाही. एक सुटले आणि दुसरे अर्धवट राहिले, तर चालताना चाकातून ठरावीक लयीत ‘कट-कट-कट’ ऐकू येते. हा आवाज दात्यावर दाता आपटण्याचा असतो, आणि तो ऐकू येऊ लागल्यावर लांबचा प्रवास करणे म्हणजे हब जाणूनबुजून संपवणे.

जुन्या स्वयंचलित हबची एक मर्यादा बिघाड नसूनही बिघाडासारखी भासते. ताकदीची दिशा बदलली की अशी काही हब क्षणभर सुटतात आणि पुन्हा लागतात. म्हणून चिखलातून गाडी मागे-पुढे झुलवून काढताना दर वेळी पुढची चाके उशिरा ओढू लागतात, आणि तीव्र उतारावर पुढच्या चाकांकडून इंजिन ब्रेकिंगची खात्री राहत नाही.

निर्वात दाबावर चालणाऱ्या हबसाठी काय वेगळे पाहावे?

आधी रबरी नळ्या. इंजिनापासून सोलेनॉइडपर्यंत (विजेवर उघड-बंद होणारी झडप) आणि तिथून चाकापर्यंत प्रत्येक जोड हाताने वाकवून पाहावा, कारण भेग बहुधा नळीच्या टोकाशी पडते आणि नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप चाकाकडे जाणाऱ्या नळीला जोडून काटा स्थिर राहतो का ते पाहावे. तो खाली येत असेल तर गळती चाकाच्या बाजूच्या सीलमध्ये आहे. स्थिर राहत असेल तर सोलेनॉइड आणि त्याची वायर तपासावी. डिझेल इंजिनात निर्वात दाब वेगळ्या पंपातून येतो. तो पंप थकला असेल तर ब्रेकचे पेडलही कडक लागू लागते, आणि मग हबआधी ब्रेककडे पाहायला हवे.

पुढून आवाज येतो. तो हबचा आहे हे कसे ओळखावे?

आवाज कोणत्या स्थितीत येतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो यावरून बरेच कळते. दोन्ही हब ‘फ्री’ असतानाही गुरगुर चालूच राहत असेल आणि वेगासोबत वाढत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. हब ‘लॉक’ केल्यावरच आवाज सुरू होत असेल तर तो फिरू लागलेल्या शाफ्टशी संबंधित आहे. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टक-टक’ वाढत असेल तर दोष शाफ्टच्या जॉइंटमध्ये असतो, आणि सरळ चालतानाही केवळ जोर लागल्यावर ‘कट’ होत असेल तर हबच्या दात्यांमध्ये. २एचमध्ये हब ‘लॉक’ असताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, तर स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरते त्या स्थिर, पोकळ दांड्याच्या) आतील बुश किंवा नीडल बेअरिंग कोरडे पडले आहे. तो भाग हबच्या मागे दडलेला असल्याने बहुतेक जण तिथवर पोहोचतच नाहीत आणि नवे हब बसवूनही आवाज तसाच राहतो.

हब उघडताना कोणती काळजी घ्यावी?

डायल ‘फ्री’वर ठेवून आधी बाहेरचे झाकण ब्रशने स्वच्छ करावे, बोल्टच्या खाचेत माती असताना पाना लावला की खाच घसरते. झाकणाचे छोटे बोल्ट, बहुधा सहा, काढल्यावर झाकण आणि त्यामागची क्लच रिंग बाहेर येते. रिंग उजेडात धरून बोटाचे नख एकेका दात्याच्या कडेवरून फिरवावे. चांगल्या दात्याची कड नखाला अडते. झिजलेल्या दात्यावरून नख घसरून पुढे जाते. ही परीक्षा साधी आहे, पण दोन्ही बाजूंच्या रिंग शेजारी ठेवून केली तर फरक चटकन हाताला कळतो.

त्यामागे शाफ्टच्या टोकाशी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असते. ती योग्य पकडीने उघडावी आणि काढताना वरून कापड धरावे, कारण ती उडाली की सापडत नाही. तिच्यासोबतचे वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते मांडून ठेवावे. हबचे मुख्य अंग अनेक गाड्यांमध्ये सहा स्टडवर बसते आणि प्रत्येक स्टडभोवती चिरलेला शंकूच्या आकाराचा वॉशर घट्ट रुतलेला असतो. नट काढूनही अंग निघत नाही म्हणून लोक छिन्नी घालून कड फोडतात. तसे न करता नट टोकापर्यंत परत चढवून, त्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीने ठोके द्यावेत, म्हणजे स्टडचे आटे न बिघडता शंकू सुटतात.

परत बसवताना सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत शाफ्ट आत सरकलेला असल्याने खाच दिसत नाही. अशा वेळी शाफ्टच्या टोकाच्या भोकात योग्य आट्याचा बोल्ट लावून शाफ्ट बाहेर ओढून धरावा. झाकणाच्या आतल्या पट्ट्या ज्या खाचांना दाते नाहीत त्यांच्यासमोर आणाव्यात, आणि झाकणही ‘फ्री’च्या स्थितीतच बसवावे. बोल्ट आवळण्यापूर्वी डायल दोनदा फिरवून पाहावी. ती अडत असेल तर बोल्ट आवळून ती सुटणार नाही.

हबमध्ये ग्रीस किती भरावे?

फारच थोडे. दात्यांवर, स्प्रिंगवर आणि सरकत्या पृष्ठभागांवर बोटाने पातळ थर दिला की पुरे. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरतात म्हणून हबमध्येही भरावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः पहिल्यांदा हब उघडले तेव्हा दोन्ही हब ग्रीसने काठोकाठ भरून मोठ्या समाधानाने झाकणे लावली होती, आणि पुढच्या थंडीत डायल ‘लॉक’वर जात असूनही क्लच रिंग जागची हलली नाही, कारण तिला सरकायला जागाच उरली नव्हती. स्प्रिंग बिचारी घट्ट ग्रीसला रेटत राहिली. सगळे काढून, डिझेलने धुऊन, पुसून पातळ थर दिला आणि हब पहिल्या झटक्यात लागले. स्वयंचलित हबमध्ये तर उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस आणि सांगितलेल्याच जागी लावावे.

चाकाच्या बेअरिंगचा आणि हबचा काय संबंध?

हब बेअरिंगवर फिरणाऱ्या चाकाला जोडलेले असते, आणि शाफ्ट स्थिर स्पिंडलच्या मधून येतो. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर चाक शाफ्टच्या तुलनेत तिरके डोलते आणि क्लच रिंगचे दाते एका कडेवर घासले जातात. उचललेले चाक वर आणि खाली धरून आळीपाळीने ढकलावे. हालचाल जाणवली तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा पाहावे. हालचाल थांबली तर बेअरिंग ढिले आहे. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (स्टिअरिंगसोबत चाक ज्यांवर वळते ते सांधे) पाहावे. बेअरिंगचा नट योग्य मापाच्या सॉकेटनेच फिरवावा. टोयोटा हायलक्सच्या अनेक जुन्या गाड्यांत तो ५४ मिमीचा असतो आणि छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवलेले नट जागोजागी पाहायला मिळतात. आवळण्याचे माप गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. बेअरिंग ढिले ठेवून नवे हब बसवू नये.

हब ‘लॉक’ ठेवून २एचमध्ये गाडी चालवली तर नुकसान होते का?

नाही. पुढचे भाग नुसते फिरत राहतात, आवाज आणि इंधन थोडे वाढते, एवढेच. वाट कधी खराब, कधी बरी अशी असेल तर हब दिवसभर ‘लॉक’ ठेवणेच सोयीचे, कारण मग चालत्या गाडीत ४एच टाकता येते. हब ‘फ्री’ असताना मात्र वेगात ४एच टाकू नये. पुढचा प्रॉपेलर थांबलेला असतो आणि गिअर करकरतात. महिन्यातून एकदा हब ‘लॉक’ करून, २एचमध्येच, दहा-पंधरा किलोमीटर चालवणे चांगले, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधले तेल सगळीकडे पोहोचते आणि सील सुकत नाहीत.

हब ‘फ्री’ ठेवून ४एल (चारही चाकांची संथ, जोरदार लो-रेंज) वापरता येते का?

येते. टणक जमिनीवर ट्रेलर मागे घेताना अगदी संथ वेग हवा असतो आणि पुढच्या चाकांचा पीळ नको असतो, तेव्हा ही युक्ती उपयोगी पडते. मात्र लो-रेंजची सारी वाढीव ताकद एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येते. त्यामुळे रुतलेली गाडी काढायला किंवा अवजड ओझे खेचायला ही पद्धत वापरू नये.

स्वयंचलित हब काढून हाताने फिरवायचे हब बसवावे का?

जुन्या गाडीसाठी मी तसेच सुचवीन. त्यात भाग कमी, आणि लागले आहे की नाही हे डायलकडे पाहून बऱ्याच अंशी कळते. फक्त एक गोष्ट आधी तपासावी: काही गाड्यांमध्ये स्वयंचलित हबचा कॅम बेअरिंगच्या नटावर किंवा त्याच्या वॉशरवर बसलेला असतो, आणि नव्या हबसोबत तो नट व वॉशरही बदलावा लागतो. दोन्ही बाजूंचे हब एकाच वेळी बदलावेत.

खोल पाण्यातून गाडी गेली. हब उघडून पाहावे का?

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले असेल तर पाहावे. तापलेले हब पाण्यात शिरताच आतली हवा थंड होऊन आकसते आणि जुन्या ओ-रिंगच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. झाकण काढल्यावर ग्रीस दुधाळ दिसले तर ते पूर्ण धुऊन काढावे, ओ-रिंग आणि गॅस्केट बदलावे आणि त्याच बैठकीत बाहेरचे बेअरिंगही काढून पाहावे, कारण पाणी हबपाशी थांबलेले क्वचितच आढळते. पुढच्या डिफरन्शियलचे तेल बोटावर घेऊन पाहावे. तेही पांढरट असेल तर ते बदलेपर्यंत हब ‘फ्री’वरच ठेवावेत.